पान दुमडून बघ

प्रिय बारके,

पाकीट बघून घाबरली असशील. घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. तुझे भाऊजी ठणठणीत आहेत. आत्ता कुठल्यातरी इमारतीची लिफ्ट अडकली म्हणून गेलेत आणि जाताना नेहमीसारखा डबा ओट्यावर विसरलेत. फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर मी दोन वाक्यं बोलते, तू मुसमुसायला लागतेस, मग मी ओरडते, मग तू फोन नवऱ्याच्या हातात कोंबतेस आणि तो बिचारा मला हवापाणी विचारत बसतो. शिवाय मागच्या वेळी तू खिदळत होतीस, ताई तोंडात काय भरलंयस, कवळी बसवलीस का म्हणून. कवळी नाही बसवली. त्याचं पुढे सांगते. अक्षराला नावं ठेवू नकोस. शाळेत मी किती टिकले ते तुला माहीत आहे, आणि माझ्या अक्षराचं कौतुक कधी कोणी केलेलं नाही. पण हे जे वाकडंतिकडं दिसतंय ना, ते शाळेमुळे नाही.

आधी बिट्टीचं. तिला सांग, झाड मिळणार नाही. तुझी लेक मला फोनवर म्हणाली, मावशी, नव्या घराच्या खिडकीत मला तुझ्या हातचं बुटकं संत्रं हवं, आईकडे आहे तस्संच, आजीच्या झाडाचं. आणि लाडात येऊन म्हणाली, आधी झाड दे, मग वर्षाच्या आत तुला आजी करते. मी म्हटलं, तुझ्या आईला कर आजी, मला फुकटची म्हातारी कशाला करतेस. ती हसली, मीही हसले. तिच्यासाठी रोप काढून ठेवलं होतं, पेनाएवढ्या जाडीचं, सरळ, अंगावर एक डाग नाही. त्यावर आईच्या झाडाच्या कलमाचा डोळा भरायचा तेवढा राहिला होता. तो आता राहिलाच. का, ते सांगते. मध्येच उठून कपडे वाळत घालायला जाऊ नकोस, एका बैठकीत वाच. तुझ्या मोठ्या बहिणीला तू फौजदार म्हणतेस ना, मग हा फौजदाराचा हुकूम समज.

आईचं झाड तुला नीट आठवत नसणार. तू तेव्हा मावशीकडे होतीस. आई त्या कचेरीत झाडूपोछा करायची, तिथे दारापाशी शोभेला म्हणून ही बुटकी संत्री ठेवायचे, गुडघ्याएवढी झाडं आणि अंगभर सुपारीएवढी फळं. फळं गळली की माणसं झाड उचलून कचऱ्यात टाकायची, फुलदाणीतली फुलं टाकावीत तशी. आईने एक उचलून आणलं. बाबा म्हणाले, घरात माणसांना जागा नाही आणि ही जंगल आणतेय. तिने ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं, भांडी वाळत घालतो त्या जाळीच्या शेजारी. दुसऱ्या वर्षी फुललं. जिन्यात तळलेल्या तेलाचा, ओल्या चपलांचा वास असायचा, आणि आपल्या मजल्यावर आलं की एकदम फुलांचा. खालच्या बाईने येऊन विचारलं होतं, अत्तर सांडलं का म्हणून. आईने आयुष्यात टिकवलेली तेवढी एकच गोष्ट होती, बारके. बाकी सगळं तिच्या हातून पडलं.

ती गेल्यावर कुंडी तडकली, मूळ कुजायला लागलं, तेव्हा मी नुकतीच नर्सरीत कामाला लागले होते. तिथे शिकले. अशी झाडं बी लावून करत नाहीत. चांगल्या झाडाच्या फांदीवरचा एवढासा डोळा सालीसकट काढायचा, दुसऱ्या रोपाच्या सालीत चीर देऊन आत सरकवायचा, वर पट्टी बांधायची. साल सालीला धरते. मग वरचं कापून टाकलं की तोच डोळा फुटतो. म्हणजे ते नवीन झाड नसतंच, जुनंच झाड दुसऱ्याच्या पायावर उभं असतं. आईचं झाड मी असं वाचवलं. तुझं पहिलं मेलं, कारण तू बाथरूममध्ये ठेवलं होतंस, शहाणी. मग तुम्ही आत्ताच्या घरात राहायला गेलात तेव्हा मी दुसरं भरून दिलं. तुझ्या बाल्कनीत जे आहे, ते आईचंच आहे. माझ्या खिडकीत होतं, तेही.

होतं. काढलं मी ते.

गेल्या वर्षापासून पानं पिवळी पडत होती. आता नर्सरीत काम करणाऱ्या बाईला पिवळं पान म्हणजे एकच गोष्ट कळते, भूक. कुंडीतलं झाड बिचारं बांधलेलं जनावर, आपण घालू तेवढंच खाणार. म्हणून मी घातलं. खत घातलं, माती बदलली, पानांवर औषध मारलं. पुढच्या बाजूला हिरवं व्हायचं, मागच्या बाजूला पिवळं. मी म्हटलं, खादाड आहे, अजून पाहिजे याला. फळं धरली तीही अशीच, एका अंगाला फुगलेली, एका अंगाला दबलेली, देठापाशी केशरी आणि बुडाशी हिरवी ती हिरवीच. एक तोंडात टाकलं. कडू जहर. तुझे भाऊजी म्हणाले, झाड बाईवर गेलंय. मी त्यांना रात्रीचं जेवण वाढलं नाही. आणि तुझा फोन आला होता आठवतंय का, ताई, माझ्या झाडाचीही पानं पिवळट दिसतायत, काय करू? मी म्हटलं, उपाशी मारतेस त्याला, खायला घाल. तू घातलं असशील. तू माझं ऐकतेस, हाच तुझ्यात दोष आहे.

मग नर्सरीत तपासणीवाली आली. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोरगी, पाठीवर पिशवी, बुटाला चिखल लागला तर पुसणारी. आमच्या लिंबू-संत्र्याच्या रांगेत फिरली, एक पान तोडलं आणि मला म्हणाली, काकू, हे मधल्या शिरेवर दुमडून बघा. मी म्हटलं, पानं दुमडायला पगार नाही मिळत मला, कुंड्या भरायच्या आहेत. तर तिने स्वतःच दुमडलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. म्हणाली, भुकेचं पिवळं असेल तर दोन्ही बाजूंना सारखं येतं, आरशात बघितल्यासारखं. हे बघा, हा डाग इकडे आहे आणि तिकडे नाही. ही भूक नाही, हा रोग आहे. ग्रीनिंग म्हणतात त्याला. एक किडा आणतो, किंवा डोळा भरताना झाडातून झाडात जातो. कुठलाही चाकू, कुठलाही हात, त्याला फरक पडत नाही. आणि आत शिरल्यावर काही वर्षं दिसतच नाही. झाड वाढतं, फुलतं, फळं देतं, बघणाऱ्याला वाटतं झकास चाललंय. मी विचारलं, औषध? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, काहीतरी असेल की, एवढं शिकलात ते कशाला? तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, काकू, मुळासकट काढायचं आणि जाळायचं, आणि त्याच्यापासून भरलेली जेवढी असतील तेवढी शोधून काढायची, एवढंच आहे.

घरी येऊन मी आईच्या झाडाचं पान तोडलं आणि दुमडलं. नाही जुळलं. दुसरं दुमडलं. सगळं झाड दुमडत बसले असते, पण तुझे भाऊजी म्हणाले, पुरे आता. ओल्या कागदात गुंडाळून पानं त्या पोरीकडे दिली. तिने तपासून सांगितलं, तेच आहे. मालकाने आमची अख्खी रांग काढली आणि बॉयलरमागच्या पिंपात जाळली. मालक एरवी तुटकी कुंडी तारेने बांधून वापरणारा माणूस, पण एक रोप मागे ठेवलं नाही. माझं झाड मी पोत्यात घालून बसने नेलं. भाऊजी म्हणाले, मी नेतो, तुला उचलवणार नाही. मी म्हटलं, माझ्या आईचं आहे, तुमच्या नाही. पिंपात टाकलं तर आधी धूर झाला, मग बारके, फुलांचा वास आला गं. ओलं लाकूड जळताना तसा वास येतो म्हणे. मी तिथून निघून कुंड्या धुवायला गेले.

कुंड्या धुवायला. कारण आता मी तेच काम करते. आता आईचं सांगते, आणि मग माझं. एवढं लांबवायला मला आवडत नाही, पण सरळ लिहायला बसले की पेन थांबतंय.

आई जिन्यावरून पाय घसरून पडली आणि गेली, हे तुला मी सांगितलं तेव्हा तू मावशीच्या दारात एका पायात चप्पल घालून उभी होतीस. ते खोटं नव्हतं. पण पाय घसरायच्या आधीचं तू पाहिलं नाहीस. तू सुट्टीला यायचीस तेव्हा ती दिवसभर बिछान्यात पडून राहायची, तुला वाटायचं थकलीय. ती मुद्दाम पडून राहायची, म्हणजे हात पांघरुणाखाली राहतात. तिचे हात नाचायचे, बारके. तिला नको असताना. बसली की पाय नाचायचे, चेहऱ्यावर काहीतरी सरकून जायचं, माशी हाकलावी तसं. चालताना मध्येच एक पाय भलतीकडे पडायचा. कचेरीतून काढलं, कप फोडते म्हणून. जिन्यातले लोक दारुडी म्हणायचे. बाबा रोज संध्याकाळी तिचं तोंड हुंगायचे, माझ्यासमोर. वास काही यायचा नाही, तरी हुंगायचे. आणि ती, जिने तुला-मला कधी चापट मारली नव्हती, ती तापायला लागली, डाव फेकून मारायची, मग रडायची. कोपऱ्यावरचा डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा. तिला टॉनिक पाजलं, दूध पाजलं, अंडी खाऊ घातली. चहा अर्धा कप ओतून घ्यायची आणि कप दोन्ही हातांनी धरून प्यायची, ओंजळीत पाणी धरावं तसा. मी विचारलं होतं, असा का धरतेस. म्हणाली, थंडी वाजते. उन्हाळा होता.

आता माझं. नर्सरीत माझ्यासारखा डोळा भरणारं कोणी नव्हतं, हे मी फुशारकीने नाही सांगत, मालक सांगायचा. मग मी भरलेले डोळे धरेनासे झाले. साल फाटायची, पट्टी सुटायची. मी चाकूला शिव्या दिल्या, रोपांना दिल्या, नव्या चष्म्याला दिल्या. एकदा चाकू सुटून शेजारच्या बाईच्या पायापाशी रुतला. मालकाने मला गोडीत कुंड्या धुवायला बसवलं. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही, पत्र टपालखात्यातून जायचंय. भाऊजी म्हणायचे, टीव्ही बघताना पाय कशाला हलवतेस, सोफा हलतो. मी म्हणायची, सोफाच भिकार आहे. शेवटी जीभ अडखळायला लागली तेव्हा ते मला ओढून मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. मला सरळ रेषेत चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला लावली. धरवत नाही, बारके. आपोआप आत पळते, बिळात उंदीर पळावा तशी. मग विचारलं, अलीकडे स्वभाव चिडका झालाय का? तुझे भाऊजी छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, सांगा की, लाजताय कशाला. ते म्हणाले, डॉक्टर, लग्नाच्या दिवसापासून विचारताय की त्यानंतरचं? बाई हसल्या. हसायचं तेवढंच झालं त्या खोलीत. मग विचारलं, आई कशाने गेली? मी म्हटलं, जिन्यावरून पडून. त्या म्हणाल्या, आणि त्याच्या आधी? इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या आधी. मी सगळं सांगितलं, हात, कप, हुंगणं, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं तेव्हाच मला कळलं. रक्त नंतर तपासलं.

नाव इंग्रजी आहे, भाऊजींनी लिहून घेतलंय, मला उच्चारता येत नाही आणि यायला नकोच आहे. हा रोग रक्तातून येतो. चाळिशीच्या आसपास डोकं वर काढतो, तोवर माणूस धडधाकट असतो, लग्न करतो, पोरं काढतो. औषध नाही. हात थोडे शांत करायच्या गोळ्या आहेत, त्यांनी झोप येते. पुढे गिळायला त्रास, मग ओळखायला त्रास. मी आई पाहिलीय, मला पुढचं सांगायची गरज पडली नाही. बाई समजावत होत्या की धीर सोडू नका. मी म्हटलं, धीर जाऊ दे, मला भांडी कोण घासणार ते सांगा.

एक गोष्ट फक्त तुलाच लिहिते. मूल होत नाही म्हणून मी किती रडले ते तुला माहीत आहे. तुझी बिट्टी झाली तेव्हा मी तिला बघायला यायला महिना लावला, कामाचं निमित्त केलं. त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना मनात पहिल्यांदा आलं, बरं झालं. माझी कूस उजवली नाही ते बरं झालं. मी आणि भाऊजी पायरीवर बसलो. त्यांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी माझा हात धरला आणि आमच्याकडे ती पद्धत नाही. हात नाचत होता, त्यांच्या हातातसुद्धा.

आता का लिहिलं ते. बाईंनी विचारलं, भावंडं आहेत? मी म्हटलं, एक धाकटी बहीण. त्या म्हणाल्या, आईकडून मुलांत यायची शक्यता अर्धी-अर्धी, पोटात मुलगा आहे की मुलगी, तशी. आणि बहिणीला असेल तर तिच्या मुलीलाही तशीच अर्धी. बहिणीला नसेल तर तिथेच संपलं, पुढे कोणाला नाही. रक्त तपासलं की कळतं. तपासायचं की नाही ते तिने ठरवायचं, कोणी जबरदस्ती करायची नाही. मी ठरवलं होतं तुला काही सांगायचंच नाही. तू अंधाराला भिणारी, तुला कशाला. तू तुझी संत्री सांभाळ, उद्या नात झाली की ती खेळव. मग बिट्टीने घराचा व्हिडिओ पाठवला. ही बघ मावशी, माझी खिडकी, आणि हा तुझ्या झाडाचा कोपरा, बघ रिकामा ठेवलाय. मागे तू सोफ्यावर बसलेली दिसलीस. भाऊजींना मी तो व्हिडिओ परत परत लावायला सांगितला, ते म्हणाले, घर आवडलं वाटतं. तू चहा पीत होतीस. लहानपणापासून काठोकाठ चहा लागणारी तू, बशीत सांडला तर बशी चाटणारी. कप अर्धा होता, आणि तू तो दोन्ही हातांनी धरला होतास. बाल्कनीतल्या झाडाचं पान तोड आणि दुमडून बघ, जुळलं नाही तर मुळासकट काढ, रडत बसू नकोस, कुणाला देऊ नकोस. ते तुला जमेल. दुसरं, रक्तातलं, असं दुमडून कसं बघायचं ते मला माहीत नाही. बिट्टीला झाड नाही म्हणून मी सांगू शकते. मुलाचं तिला तूच सांगायला हवं, आणि त्याच्याआधी तुला स्वतःचं बघायला हवं, म्हणून लिहिलं. तू म्हणशील तर तुझ्याबरोबर हॉस्पिटलात मी येते, पाय भलतीकडे पडले तरी येते. पण आधी मला एकच कळव, खरं कळव, मला बरं वाटावं म्हणून नाही. व्हिडिओ काढला त्या दिवशी तिकडे थंडी होती का गं?

तुझीच,
फौजदार ताई